मिक्सरवर दादाच

९ जानेवारी

“चित्र हललं तर लोक सांभाळून घेतात गं, आवाज हलला की उठून जातात.”

दादा मला हे म्हणाला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. नवऱ्याचं घर सोडून मी नुकतीच त्याच्याकडे, वरच्या खोलीत राहायला आले होते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. त्याने काही विचारलं नाही. एक दिवस म्हणाला, चल, आणि मला शिबिराच्या माळावर नेऊन एका कॅमेऱ्यामागे उभं केलं. माझे हात इतके कापत होते की पडद्यावरचा वक्ता होडीत बसल्यासारखा दिसत होता. तेव्हा तो असं म्हणाला, आणि माइकांचे आवाज जुळवणाऱ्या आपल्या मिक्सरपाशी जाऊन बसला. मग मीही टिकले.

आज ते आठवलं, कारण आज यंदाच्या शिबिराची पहिली बैठक झाली. माझ्या बस डेपोतल्या बायकांना मी अजून हे नीट समजावू शकलेले नाही. ‘हॅकर शिबिर’ म्हटलं की त्या पर्स जवळ ओढतात. वहिनी तर सरळ ‘चोरांचं संमेलन’ म्हणतात. खरं तर हे लोक म्हणजे वस्तू उघडून बघणाऱ्यांची जात आहे. घड्याळ, कुलूप, टेलिफोन, काहीही. गावाबाहेरच्या माळावर चार दिवस तंबू ठोकून राहतात आणि आपण काय उघडलं, काय कळलं, ते एकमेकांना सांगतात. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही मोठ्या तंबूतली भाषणं थेट दाखवतो. आम्ही म्हणजे सगळे हौशी. कुणाला पगार नाही आणि कुणी कुणाचा साहेब नाही.

यंदा सगळं जमवायचं काम माझ्याकडे आलंय. आधीचा लग्नाला म्हणून गेला तो गेलाच. मी बस डेपोत वेळापत्रकं बसवते, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की हिला जमेल. पण डेपोत ड्रायव्हरला सांगता येतं, अमुक गाडी घेऊन जा. इथे फक्त विचारता येतं. आणि विचारलं की उत्तर येतं, ‘बघतो’. ‘बघतो’ म्हणजे नाही. ‘नक्की बघतो’ म्हणजे अजिबात नाही.

आज रकाने आखले. कॅमेरा, आवाज, चित्र जोडणं, इंटरनेट. बहुतेक रिकामेच आहेत. आवाजाच्या रकान्यात मात्र मी विचार न करता ‘दादा’ लिहून टाकलं. एक तरी रकाना भरला.

२० जानेवारी

जेवताना दादा म्हणाला, “ठके, यंदा मिक्सर तारेकडे दे.”

तार म्हणजे आमच्याकडे केबल ओढणारी. लिफ्ट दुरुस्त करते, दिवसभर शाफ्टमध्ये लोंबकळते. खरं नाव बहुधा तिच्या आईलाच माहीत असेल.

“आणि तू काय करणार?”

“मला गाड्या लावायला टाक. उन्हात उभा राहीन. बसून बसून कंटाळलो.”

“सुटू दे बाई एकदाचा तो मिक्सर,” वहिनी म्हणाल्या. “घरातला कधी विसळला नाहीत, तिथल्याला मात्र बारीक ब्रशने पुसत बसता.”

मी हसले. म्हटलं, “काहीतरीच काय, दादा! तू मिक्सरवर नाहीस असं कळलं तर आमच्यातला गुरुजी येणार नाही. गुरुजी नाही म्हटलं की कॅमेऱ्यावरचे दोघं येणार नाहीत. माझी माळच तुटेल.”

“तारेचा कान ताजा आहे.”

“मग तुझा काय शिळा झाला?”

तो हसला आणि भाताचं पातेलं पुढे ओढलं. विषय तिथेच संपला. दादाचा हा स्वभावच. स्वतःचं काम कधी मोठं म्हणणार नाही. मी वर आले आणि त्याचं नाव पेन्सिलीचं होतं ते पेनाने गिरवलं.

२ फेब्रुवारी

दर रविवारी तार येते. खाली बैठकीच्या खोलीत दोघं मिक्सर मांडून बसतात. त्यावरचे फेडर म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या खुंट्या, एकेका माइकची एकेक. दादा तिला डोळे मिटायला सांगतो आणि एकच भाषण पुन्हा पुन्हा लावतो. “आता सांग. ‘स’ टोचतोय का? ‘श’ टोचतोय का?” ती सांगेल त्याप्रमाणे तो खुंटी हलवतो. मी जिन्यावरून बघत होते. शिकवण्याची किती हौस या माणसाला!

पण माझ्यावर मात्र तो रुसला असावा. काल मी स्वयंपाकघरातून तीनदा हाक मारली, ओ दिली नाही. समोर गेले तेव्हा “अगं, कधी आलीस?” म्हणाला. मी मिक्सर सोडू दिला नाही म्हणून हा राग, असं वाटतं. शिवाय रोज टीव्हीवरून भांडण. तो आवाज वाढवतो, वहिनी कमी करतात, तो पुन्हा वाढवतो. इतक्या वर्षांच्या संसारानंतर भांडायला एवढंच उरतं की काय कोण जाणे.

संध्याकाळी गच्चीत कपडे काढताना वहिनी म्हणाल्या, “वन्सं, यंदा त्यांना जरा मोकळं सोडा.”

“त्याने काही म्हटलं का तुमच्याकडे?”

“म्हटलं की. तुमच्यासमोरच म्हटलं.”

“ते हो! तो दरवर्षी काहीतरी म्हणतोच.”

वहिनींनी चिमटे मुठीत धरले आणि माझ्याकडे बघत राहिल्या. “तुम्ही ना, पुढची गाडी लावायच्या घाईत मागची भरली की नाही ते बघत नाही,” म्हणाल्या आणि खाली गेल्या. गुडघ्यांमुळे त्यांना माळावर येता येत नाही. चार दिवस घरात एकट्या राहतात. वाईट वाटत असणारच. मी मनावर घेतलं नाही.

१५ फेब्रुवारी

मुख्य कॅमेरावाला गळला. ‘नक्की बघतो’ म्हणाला होता.

माळावर इंटरनेटची केबल जवळच्या शेडपासून ओढायची, तर शेडचा मालक म्हणतो, माझ्या गाईच्या पायात येईल. गुरुजी त्याच्याशी बोलायला गेला. गुरुजी शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, सगळ्यांशी मुलांसारखंच बोलतो. मालक चिडला. आता मला जायला हवं.

रकाने पुन्हा पुन्हा मोजते. सगळं फक्त लोकांच्या मर्जीवर उभं आहे. मर्जीला काही खुंटी मारता येत नाही.

२३ फेब्रुवारी

गाईसाठी केबल खांबांवरून न्यायची ठरली. गाय दाखवायला मालक मला स्वतः घेऊन गेला. फार शांत जनावर आहे. मीच घाबरले.

८ मार्च

जे झालं ते आजच लिहून ठेवते.

गुरुजीच्या शाळेच्या सभागृहात आज रंगीत तालीम होती. सगळं खरंखुरं मांडलं होतं. कॅमेरे, कर्णे, माइक. तार व्यासपीठावर उभी राहून लिफ्ट अडकली तर काय करावं यावर भाषण देत होती आणि सगळे हसत होते. दादा मागे मिक्सरवर. त्याने एक खुंटी थोडी वर नेली. मग आणखी थोडी.

आणि कर्ण्यातून शिट्टी सुरू झाली. बारीक, सुईसारखी. कानातून शिरून दातांपर्यंत जाणारी. पुढच्या रांगेतल्या दोघांनी कान झाकले. गुरुजी ओरडला, “अरे!” तार बोलायची थांबली.

दादा थांबला नाही. तो समाधानाने मान हलवत होता. त्याला वाटत होतं, आता आवाज स्वच्छ आला. मग त्याने आमचे चेहरे बघितले. एकेकाचा बघितला. ते मला अजून दिसतंय. त्याला शिट्टी ऐकू येत नव्हती, ती तो आमच्या तोंडांवर वाचत होता. त्याने खाली बघितलं आणि अंदाजाने एक खुंटी खाली ओढली. ती नव्हती. दुसरी ओढली. तीही नव्हती. तार व्यासपीठावरून उडी मारून धावत आली आणि तिने त्याच्या हाताखालून बोट घालून बरोबर ती खुंटी खाली केली.

“हा माइकच नाठाळ आहे,” दादा म्हणाला.

“हो हो, नाठाळच आहे,” आम्ही सगळे म्हणालो. सगळे एकदम. कुणी शिकवलं नव्हतं तरी.

नंतर त्याने तो माइक उघडला, पुसला, फुंकर मारली, परत बंद केला. गाडीतून घरी येताना तो मला म्हणाला, “तारेचा हात चपळ आहे.” मी खिडकीतून बाहेर बघत होते. म्हटलं, “हं.”

माझा दादा. आमच्या लहानपणी भिंतीपलीकडच्या घरात नळ थेंबथेंब गळायचा, तर हा अंथरुणातून उठून त्यांचं दार वाजवून यायचा.

९ मार्च

हाका. टीव्ही. सगळं आता कळतंय. मी त्याला रुसलेला समजत होते.

डेपोत कामात लक्ष लागलं नाही. मार्ग सहाच्या दोन गाड्या एकाच वेळी एकाच फलाटावर लावल्या. साहेब म्हणाले, “बाई, एकीवर एक चढवायची का?”

मिक्सर काढून घेतला तर दादा काय करेल? निवृत्त झाल्यापासून त्याला वर्षातले हे चारच दिवस आहेत. बाकी वर्ष तो त्या चार दिवसांची वाट बघतो. ही गोष्ट त्याला कोण सांगणार? मी? ज्या माणसाने मला उचलून उभं केलं त्याला मी सांगू, की ऊठ?

वहिनींना विचारावंसं वाटलं, पण त्यांना माहीत नसेल तर उगाच घोर लागेल.

१२ मार्च

गुरुजी, तार आणि मी, डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो.

गुरुजी म्हणाला, “सरळ सांगून टाकू. मोठा माणूस आहे, समजून घेईल.”

“तुझा दादा नाही तो,” मी म्हटलं.

तार कप फिरवत होती. म्हणाली, “ताई, ते मला रविवारी म्हणाले होते, की—”

“की तू छान करतेस, तूच घे. माहितीये. तो सगळ्यांना असंच म्हणतो.”

“नाही, तसं नाही. ते म्हणाले—”

“तार, तो मिक्सरशिवाय जगू शकत नाही. मी ओळखते त्याला.”

तिने कप खाली ठेवला. मग मीच एक कल्पना मांडली. आमच्या डेपोत एक जुने साहेब आहेत. त्यांची केबिन आहे, टेबल आहे, घंटी आहे. फायली मात्र मागच्या खोलीतून परस्पर पुढे जातात. साहेबांना कळत नाही, सही करायला काहीबाही मिळत राहतं, आणि सगळं सुखाने चालतं.

तसंच करायचं. व्यासपीठावरचे माइक एका पेटीत येतात. तिथून दोन वाटा काढायच्या. एक दादाच्या मिक्सरकडे, दुसरी तंबूमागच्या गाडीत, तारेच्या छोट्या मिक्सरकडे. कर्ण्यांना आणि प्रक्षेपणाला आवाज जाईल तो तारेचा. दादाच्या मिक्सरवर दिवे हलतील, हेडफोनमध्ये त्याला ऐकूही येईल. फक्त पुढे कुठे जाणार नाही.

“होईल का?” मी विचारलं.

“होईल,” गुरुजी म्हणाला. “तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे.” आणि चहा तसाच टाकून उठला.

तार म्हणाली, “मला त्यांनीच शिकवलं, ताई. त्यांच्या पाठीमागे बसून त्यांच्यावरच...” मी तिचा हात धरला. म्हटलं, “त्याच्यासाठीच करतोय आपण.” तिने हात सोडवला नाही, पण ती माझ्याकडे बघतही नव्हती.

२८ मार्च

दादाला कानाच्या डॉक्टरकडे कसं न्यावं? आडून आडून म्हटलं, “डेपोत सगळ्यांचे कान तपासून दिले, तूही ये ना.”

“माझे तपासले मागेच,” तो म्हणाला.

“कधी?”

“झाले दिवस.” आणि वर्तमानपत्र उलटलं.

खोटं बोलतोय बिचारा. भीती वाटत असणार.

१६ एप्रिल

उद्या माळावर जायचं. सामान व्हॅनमध्ये चढवलं. दादाने मिक्सर स्वतःच्या जुन्या रजईत गुंडाळून दिला, आणि द्यायच्या आधी थोडा वेळ तसाच धरून उभा राहिला. मी म्हटलं, “अरे, टाक की आत.” तो म्हणाला, “टाकतो.”

वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मग? मिक्सरवर कोण?”

“दादाच!” मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

१७ एप्रिल, माळ

मांडामांड. वारा फार. तंबू दिवसभर फडफडतोय, कुणीतरी मोठी चादर झटकत असल्यासारखा. कॅमेऱ्यावर शेवटी एक भूलतज्ज्ञ बाई मिळाल्या. म्हणाल्या, “मला तासन्‌तास न हलता बघत बसायची सवय आहे.” देवच पावला.

दरवर्षी मिक्सरच्या मागची जोडणी दादा स्वतः करतो. यंदा मी म्हटलं, “राहू दे, वाकू नकोस, तार करेल.”

“बरं,” तो म्हणाला.

इतक्या पटकन? मला हायसं वाटलं. तार जोडणी करत असताना तो खुर्चीत बसून बघत होता. ती घामाघूम. एकदा तो म्हणाला, “ती निळी नीट आत गेली नाही.” तिने दाबली. मग चहा आणायला गेला आणि तिच्यासाठीही घेऊन आला.

१८ एप्रिल

पहिला दिवस पार पडला. देवा!

भाषणं झाली, चित्र गेलं, आवाज गेला. घरोघरी बसलेल्या लोकांचे निरोप येत होते, ‘यंदा आवाज एकदम स्वच्छ’. गुरुजीने ते मोठ्याने वाचले आणि मध्येच वाचायचा थांबला. दादा जवळच उभा होता.

दिवसभर तो मिक्सरवर बसून होता, हेडफोन लावून. वक्ता बदलला की खुंट्या सरकवायचा. मी माझ्या टेबलावरून चोरून बघत होते. किती मन लावून! आपण बरोबर केलं असं वाटलं, आणि लगेच मी वेळापत्रकात डोकं घातलं.

जेवणाच्या रांगेत तो माझ्या मागे होता. म्हणाला, “आवाज छान होता आज. तारेला सांग.”

“तारेचा काय संबंध?”

“केबली तिनेच ओढल्या ना,” तो म्हणाला आणि माझ्या ताटात पाव ठेवला. “खा. सकाळपासून तोंडात काही घातलं नाहीस.”

दादाचं हे असं. केबल ओढणाऱ्यांनाही श्रेय देतो.

१९ एप्रिल

काय लिहू?

दुपारी वहिनींचा फोन आला. त्या घरी बसून बघतायत. गुडघ्यावर शेकायची पिशवी, मांडीवर टॅबलेट. मी फोन मोठ्या आवाजावर लावला, दादा शेजारीच होता. “अहो,” वहिनी म्हणाल्या, “मी तुम्हाला नको म्हणत होते, पण आवाज काय सुंदर येतोय! एकेक अक्षर! शेजारच्या बाईंना बोलावून ऐकवलं. म्हटलं, हे आमच्या घरचे. कसं जमवलंत हो तुम्ही?”

दादा फोनकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

“जमलं,” तो म्हणाला. “बरेच हात असतात गं त्यात.”

त्यानंतरचं भाषण एका मधमाशीवाल्याचं होतं. म्हातारा, हातभर दाढी. पोळ्याच्या पेटीत त्याने छोटे माइक बसवलेत, माश्यांच्या गुंजनावरून त्या कधी उडून जाणार हे तो सांगतो. त्याने गुंजन ऐकवलं. जाड, घुमणारं, जमिनीतून येतंय असं. सगळा तंबू शांत झाला. दादाच्या चेहऱ्यावर हसू आलं. कितीतरी दिवसांनी मी ते बघितलं. हा आवाज त्याला पुरता ऐकू येत होता.

आणि मग त्याने उजवा हात उचलला आणि मुख्य खुंटी, जिने सगळंच बंद होतं ती, हळूहळू खाली ओढली. पार तळापर्यंत.

त्याने हेडफोन काढून गळ्यात घातले.

गुंजन चालूच होतं. तंबूभर. कुणाच्या लक्षात आलं नाही. मधमाशीवाला बोलत होता, लोक ऐकत होते, भूलतज्ज्ञ बाई कॅमेऱ्यामागे न हलता उभ्या होत्या. सगळीकडे तो आवाज होता, आणि दादाची खुंटी खाली होती.

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. राग असता तर मी काहीतरी केलं असतं, उठले असते, रडले असते. ते बघणं असं होतं, की लहानपणी मी पडद्यामागे लपायची आणि माझे पाय खाली दिसत असायचे, तेव्हा तो जसं बघायचा. फक्त तेव्हा तो हसायचा.

भाषण संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला, हात मांडीवर. टाळ्या झाल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या. मग उठला, मिक्सरवर रजई घातली आणि बाहेर गेला. मी मागे जायला हवं होतं. पण पुढच्या वक्त्याचा माइक लावायचा होता, वॉकीटॉकीवर गुरुजी “ताई, ताई” करत होता. मी माइक लावला.

२० एप्रिल, सकाळ

कामांच्या तक्त्यावर कुणीही आपलं नाव कुठेही लावू शकतं, हा इथला नियमच आहे. सकाळी बघितलं तर आवाजाच्या रकान्यातून दादाचं नाव खोडलेलं. त्याच्याच अक्षरात खाली लिहिलं होतं, ‘गाड्या लावणे’.

मी गेटकडे गेले. नारिंगी जाकीट घालून तो उन्हात उभा होता, हातात पंखा असतो तशी गोल पाटी.

“दादा.”

“काय गं, ठके?”

“जेवलास?”

“सकाळी कोण जेवतं? चहा झाला.”

एक व्हॅन आली. त्याने पाटी हलवली, मागे-मागे-मागे केलं, बस म्हणून थोपवलं. ड्रायव्हर काहीतरी बोलला. दादाने कानामागे हात धरला आणि मोठ्याने म्हणाला, “जोरात बोला राव, बहिरा आहे मी.” ड्रायव्हर जोरात बोलला. दोघं हसले. इतकं सोपं.

“हे बरं काम आहे,” तो माझ्याकडे वळून म्हणाला. “हात दिसला की पुरे.”

“दादा, मी तुझ्यासाठीच...”

“ऊन लागेल. टोपी घाल.”

“तू चिडला आहेस का?”

“तुला काही बोलायचंय की विचारायचंय?”

मागून एक गाडी हॉर्न वाजवत होती. त्याला ती ऐकू आली की नाही कळलं नाही, पण माझी नजर तिकडे गेली तशी त्याने पाटी उचलली आणि पुढे झाला. मी टोपी आणायला जाते असं सांगून परत आले.

वरवर तो छान हसतोय, लोकांशी गप्पा मारतोय. पण मी ओळखते ना त्याला. त्याला मिक्सरवरून कधी उठायचं नव्हतं. कधीच नाही. आम्ही त्याला उठवलं. तार मघाशी रडून गेली. म्हणाली, “ताई, मी तेव्हाच सांगत होते.” काय सांगत होतीस, असं विचारायचं राहिलं. तिला छोट्या मिक्सरवर जायचं होतं.

२० एप्रिल, दुपार

उद्या शेवटचं सत्र. सगळे तंबूत येतात, प्रत्येक गटातून कुणीतरी उभं राहून बोलतं. दरवर्षी त्या सत्राचा आवाज दादाच सांभाळतो.

मी ठरवलंय. तारेला सांगितलं, उद्या दादाच्या मिक्सरची जोडणी खरी कर, कर्ण्यांना आणि प्रक्षेपणाला. ती म्हणाली, “करते, पण आधी त्यांना विचारा.” गुरुजीने चष्मा पुसला.

म्हणून इथे आधी लिहून बघते, म्हणजे समोर गेल्यावर पुन्हा ‘जेवलास का’ असं व्हायला नको. तो नाहीच म्हणणार. जाकीट काढायलाही तयार होणार नाही, पाटी हलवत राहील, आणि मला ऊन लागेल म्हणून परत पाठवेल. तरी.

दादा, उद्या मिक्सरवर बस. मी शेजारी स्टूल घेऊन बसते. जाड आवाज तू ऐक, बारीक मी ऐकते. माझा हात तुझ्या मनगटावर ठेवीन, टोचायला लागलं की दाबीन, तू खुंटी खाली घे. आपण दोघं मिळून करू. कुणाला कळणार नाही. कळलं तरी कळू दे. एवढं एकच सत्र. माझ्यासाठी ये ना.